छत फोडण्याआधी



गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या शहरांतल्या कितीतरी घरांना पीओपीचं किंवा जिप्समचं फॉल्स सीलिंग झालं आणि त्यात छोटे गोल दिवे आले. वायर वर, छताच्या पोटात. खाली दिसतो तो फक्त उजेड. काही वर्षांनी त्यातला एखादा दिवा फडफडायला लागतो, एखादा विझतो, आणि घरच्यांना सांगितलं जातं, ‘आतलं वायरिंग गेलंय, सीलिंग फोडावं लागेल.’ हे फार लवकर सांगितलं जातं, असं माझं ठाम मत आहे. आत निवांत पडलेली तांब्याची वायर मधेच क्वचित तुटते. बिघडतात ती तिची टोकं: होल्डर, जोड, ट्रान्सफॉर्मर, ड्रायव्हर. आणि यातलं जवळजवळ सगळं दिव्याच्या भोकातूनच खाली ओढून घेता येतं.

जुन्या हॅलोजन दिव्यांपासून सुरुवात करू, कारण ते अजून पुष्कळ घरांत आहेत. एमआर-16 म्हणतात तो हा दिवा. व्यास दोन इंच, मागे दोन पिना, चालतो 12 व्होल्टवर. छतात ठेवलेला ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे 12 करतो. 12 व्होल्टचा धक्का जाणवत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण हिशेब करून पाहा. 50 वॉटचा दिवा 230 व्होल्टवर पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो. तोच दिवा 12 व्होल्टवर चार अँपिअरहून जास्त घेतो. प्रवाह एकोणीसपट झाला. सैल जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तोच सैलपणा इथे साडेतीनशे पटींहून अधिक तापतो. त्यात हॅलोजनची स्वतःची धग. होल्डरच्या आतली स्प्रिंग नरम पडते, पिना काळ्या होतात, वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. फडफडणाऱ्या हॅलोजनमध्ये मी संशय आधी होल्डरवर घेईन, वायरवर सगळ्यात शेवटी.

याच हिशेबाचा आणखी एक परिणाम आहे. एकाच मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर बरेच दिवे असतील, तर लांबचा दिवा मंद दिसतो. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरने दहा मीटरवर 50 वॉटचा एक दिवा जोडला, तर वाटेत सुमारे एक व्होल्ट खर्च होतो. 230 मधला एक व्होल्ट कुणाच्या लक्षातही येत नाही. बारातला एक गेला की हॅलोजनचा साधारण चौथा हिस्सा उजेड जातो. वायर शाबूत आहे, जोडणीची आखणी चुकली आहे. असा ट्रान्सफॉर्मर दिव्यांच्या जवळ आणला की काम होतं.

आता तपासणीकडे येतो. आपल्याकडे वायरमनच्या खिशात निऑनचा टेस्टर असतो. तो साठ-सत्तर व्होल्टच्या खाली पेटतच नाही. 12 व्होल्टच्या वायरीला तो लावायचा आणि ‘सप्लाय येत नाही’ म्हणायचं, यातून कितीतरी छतं विनाकारण फुटली असतील. उलट 230 व्होल्टच्या बाजूला न्यूट्रल तुटला असेल, तर दिवा जोडलेला असताना टेस्टर दोन्ही वायरींवर पेटतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. साधा मल्टिमीटरही इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरपुढे फसतो. तिथून येणारा पुरवठा हजारो हर्ट्झचा असतो, मीटर बनलेला 50 हर्ट्झसाठी. अशा ठिकाणी चालू असल्याची खात्री असलेला दिवा हाच सगळ्यात भरवशाचा मीटर. शेजारचा चांगला दिवा बंद जागी लावा, बंद दिवा चांगल्या जागी. बिघाड दिव्याबरोबर सरकला, की जागेवरच थांबला? या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. एकच दिवा गेला असेल तर दिवा, होल्डर आणि त्याचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बघायचा. एका ट्रान्सफॉर्मरवरचे सगळे गेले असतील तर तो ट्रान्सफॉर्मर. एका बटणावरचं सगळंच गेलं असेल, तर शिडीवर चढण्याआधी स्विचबोर्ड उघडायचा. आणि घरभरच उजेड कमी-जास्त होत असेल, तर मुख्य न्यूट्रल सैल असू शकतो. त्याला परवानाधारक वायरमन त्याच दिवशी बोलवा.

दिवे काढणं-लावणं, स्विचबोर्ड उघडणं, हे सगळं एमसीबी पाडून करायचं. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण कुणीतरी बटण न्यूट्रलवर घेतलेलं असेल तर बंद दिव्यातही फेज जिवंत असतो. बटण बंद करूनही एलईडी अंधुक पेटत राहत असेल, तर हीच शंका घ्यावी. बटणातल्या छोट्या इंडिकेटरमुळेही तसं होतं.

हॅलोजन काढून तिथे सहा वॉटचा एलईडी लावला आणि तो लुकलुकायला लागला, ही तक्रार फार ऐकू येते. त्या ट्रान्सफॉर्मरवर ‘20 ते 60 वॉट’ असं काही छापलेलं असतं. किमान 20 वॉटचा भार मिळाल्याशिवाय तो नीट सुरूच होत नाही. एलईडीसाठी बनलेला 12 व्होल्टचा पुरवठा भोकातून आत सरकवला की लुकलुक थांबते.

अलीकडच्या एलईडी पॅनेलचं गणित वेगळं. त्याचा ड्रायव्हर ठरावीक प्रवाह देतो, बहुधा 300 मिलिअँपिअर, आणि लागेल तेवढे व्होल्ट चढवतो. दुकानात नुसतं ‘बारा वॉटचा द्या’ म्हणू नका. जुन्या ड्रायव्हरवरचा प्रवाहाचा आकडा आणि व्होल्टची मर्यादा, दोन्ही जुळवून घ्या. ड्रायव्हर चालू असताना पॅनेल त्याला जोडून पाहू नये. मोकळ्या ड्रायव्हरचे व्होल्ट चढलेले असतात आणि त्या झटक्याने चांगलं पॅनेलही जाऊ शकतं. ड्रायव्हरमधला कपॅसिटर उष्णतेने सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण अर्ध्यावर येतं. गच्चीखालच्या मजल्यावर, मे महिन्यात, स्लॅब आणि पीओपीच्या मध्ये काय होत असेल याचा विचार करा.

वायर खरोखरच गेलेली असते असेही प्रसंग आहेत. उंदीर आवरण कुरतडतात. पडद्याचा रॉड बसवताना स्क्रू आरपार जातो. पावसाळ्यात गच्चीचं पाणी झिरपून जोडात शिरतं आणि विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा आरसीसीबी पडायला लागतो. तो बाहेर काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. तेव्हाही छत शाबूत ठेवता येतं. वायर पाइपात असेल तर जुनीच्या टोकाला नवी बांधून ओढावी. मोकळी असेल तर एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत फायबरची लवचीक काठी सरकवून नवी वायर न्यावी, आणि जुनी दोन्ही टोकांना सोडवून मृत करून ठेवावी. फक्त मधेच पिळून टेप गुंडाळलेला जोड वर ढकलून देऊ नये. तो काही वर्षांनी पुन्हा तापेल, आणि तेव्हा त्याची जागा कुणाला आठवणार नाही.

ज्यांच्या घरी काम अजून सुरू आहे, त्यांना एक विनंती. पीओपी चढण्याआधी प्रत्येक खोलीच्या छताचे फोटो काढा, भिंतीपासूनचं अंतर दिसेल अशी टेप फोटोत धरा, आणि त्याची एक प्रत स्विचबोर्डाजवळच्या कपाटात ठेवा. प्रत्येक भोकाशी फूटभर वायर जास्त सोडायला सांगा, म्हणजे ड्रायव्हर खाली घेता येईल. ट्रान्सफॉर्मर भोकापेक्षा मोठा असेल, तर त्याच्याखाली उघडता येणारं झाकण मागा. ठेकेदार म्हणेल की त्याने छताची शोभा जाते. तरीही मागा, आणि ते बसल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.