ऐकू येतं, पण कळत नाही : बाबांच्या कानांचा हक्क

एपिसोड सुरू करण्याआधी हेडफोनचा आवाज जरा कमी करा. आज विषय कानांचा आहे. पण आपल्या नाही, घरातल्या पन्नाशीच्या माणसाच्या.

आपल्या शिक्रापूरला चाकण चौकात सकाळी उभं राहा. सणसवाडी, रांजणगाव, चाकणच्या कंपन्यांच्या बस दिसतील. त्यात प्रेस शॉपमध्ये वीस-वीस वर्षं काढलेली माणसं असतात. घरी ती टीव्ही मोठा लावतात, फोनवर सारखं "काय? काय?" करतात. आपण हसतो. कंपनीत मात्र ती गप्प बसतात, कारण भीती एकच : कामावरून काढलं तर?

आता नीट ऐका, हक्काचे दरवाजे दोन आहेत.

पहिला, दिव्यांगत्व प्रमाणपत्र. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोजमाप ठरलेलं आहे. बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीत, दोन्ही कानांत, किमान 60 डेसिबलचा ऱ्हास हवा. एकच कान गेला तर या व्याख्येत बसत नाही. बहुतेक सवलतींना 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. तेवढं असेल तर जुन्या कर पद्धतीत 75,000 रुपयांची वजावट मिळते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी सरकारी रुग्णालयात.

इथंच कामगार अडकतो. मशीनच्या आवाजानं कान आधी साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास जातात. स, श, फ असली व्यंजनं निसटतात. म्हणून बाबा म्हणतात, "ऐकू येतं, पण कळत नाही." पण ऑडिओग्रामची सरासरी काढली की आकडा बरा दिसतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरचा ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम मस्त, आणि एक एपीआय कधीचा बंद! मग अर्ज नाकारला जातो आणि माणूस समजतो, विषय संपला.

संपलेला नसतो. दुसरा दरवाजा म्हणजे व्यावसायिक आजार. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत 'आवाजामुळे आलेली श्रवणहानी' नाव घेऊन लिहिलेली होती. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. अशा गोंगाटाच्या कामावर सलग सहा महिने काढले असतील, तर आजार कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे सिद्ध करायचं काम समोरच्याचं. इथं प्रश्न 60 डेसिबलचा नसतो, कमाईची क्षमता किती घटली याचा असतो. ते वैद्यकीय मंडळ ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा लाभ मिळतो.

ईएसआयसी लागू नसेल, म्हणजे पगार 21,000 च्या वर असेल, तर जबाबदारी थेट मालकाची. तिथं दाव्याला साधारण दोन वर्षांची मुदत असते. म्हणून राजीनामा किंवा व्हीआरएसच्या कागदावर सही करण्याआधी हा विषय काढा.

समोरून उत्तर ठरलेलं असतं : "वय झालं, कान जाणारच." त्याला भांडून उपयोग नाही, कागद लागतो. या रविवारी तीन गोष्टी करा. एक, कंपनीत दरवर्षी ऑडिओमेट्री होत असेल तर जुन्या रिपोर्टच्या कॉपी मागा. दोन, कोणत्या वर्षी कोणत्या मशीनवर, किती तास, हे बाबांना विचारून लिहून काढा; हजेरीकार्ड, पगाराच्या स्लिपा, सगळ्याचे फोटो फोनमध्ये ठेवा. तीन, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून आजचा ऑडिओग्राम काढा आणि कामाचा इतिहास केसपेपरवर लिहून घ्या.

अर्ज भरणं, स्कॅन करणं आपल्याला जमतं. बाबांना फोनवर विचारू नका, समोर बसून विचारा. हळू बोला, ओठ दिसू द्या.

भेटू पुढच्या एपिसोडला!