फोटोच्या मागची नावे

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय 'कोळसा खाणींच्या वस्तीचे जुने फोटो' असा पत्रिकेत छापला आहे. तो वाचून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, मराठी मंडळात खाणीचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटी आपोआप मिळेल, नाही मिळाले तर चहाच्या वेळी मला धरा.

आपण हैदराबादकर सिंगरेणीचे नाव लहानपणापासून ऐकत आलो. वीज गेली की घरातली मोठी माणसे "सिंगरेणीचा कोळसा आला नसेल" म्हणायची. पण ती खाण कुणी पाहिलेली असते? सिंगरेणी हे मुळात एका लहान गावाचे नाव. भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे डॉ. विल्यम किंग यांना १८७१ साली येल्लंदूच्या परिसरात कोळसा सापडला आणि नाव मात्र शेजारच्या सिंगरेणीचे लागले. येल्लंदूला जुने लोक बोग्गुट्टा म्हणत. तेलुगूत बोग्गु म्हणजे कोळसा. कंपनीच्या कागदावर एक नाव, लोकांच्या तोंडी दुसरे. फोटोंच्या बाबतीतही पुढे हेच होते, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

या खाणींचे सर्वांत जुने नामांकित फोटो काढले राजा दीनदयाळ यांनी. सालारजंगाच्या संग्रहालयात नाहीतर कुणाच्या देवडीत त्यांचे फोटो आपण पाहिलेलेच आहेत. इंदूरहून आलेल्या मंडळींना माहीत असेल, पण इथल्यांना सांगतो. दीनदयाळ हे मेरठजवळच्या सरधन्याचे, जन्म १८४४. रुडकीला शिकले आणि १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. कॅमेरा त्यांनी हातात घेतला तो इंदूरलाच. होळकरांच्या दरबाराचा त्यांना आश्रय मिळाला. पुढे सहाव्या निजामांनी, महबूब अली खानांनी, त्यांना पदरी घेतले आणि १८९४ मध्ये 'राजा बहादूर मुसव्विर जंग' हा किताब दिला. १९०५ साली ते वारले. म्हणजे इंदूरच्या मराठी राज्यात तयार झालेला माणूस हैदराबादला येऊन सगळ्या संस्थानाची छबी टिपून गेला. दोन्ही गावच्या मंडळांनी मिळून त्याच्यावर एखादा कार्यक्रम करायला हरकत नाही. कार्यवाहांनी नोंद घ्यावी.

१८९०च्या दशकात दीनदयाळांनी सिंगरेणीच्या खाणींचे फोटो काढले. '१८९२' असे साल घातलेल्या निजामी मुलुखाच्या एका अल्बममध्ये ते आहेत, आणि तो अल्बम लॉर्ड कर्झनच्या संग्रहाबरोबर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पोचला. दीनदयाळांच्या स्टुडिओच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये विकत घेतल्या. एवढा मोठा ठेवा वाचला, याबद्दल त्या केंद्राचे आभारच मानायला हवेत.

आता हे अल्बम का बनत, तेही पाहू. किल्ला, महाल, तलाव, शिकार, फौज, आणि त्याच रांगेत खाण. खाण हेसुद्धा संस्थानाचे वैभव. व्हाइसरॉय आला की त्याच्या हातात द्यायची वस्तू. अशा अल्बममध्ये फोटोखाली जागेचे नाव असते, साहेब असेल तर साहेबाचे असते, आणि काळ्या अंगाने उभा असलेला माणूस 'मजूर' या एका शब्दात संपतो. आक्षेप दीनदयाळांवर नाही. तेव्हाची रीतच तशी होती.

पण या वैभवाची दुसरी बाजू कोणत्याच फोटोत नाही, आणि ती आपल्या मंडळाच्या आवडीची, म्हणजे राजकारणाची आहे. १८८३ साली हैदराबादहून चांद्यापर्यंत रेल्वे नेण्याची योजना आली. विलायती कंपनीला हमी द्यायची आणि तोट्याचा बोजा संस्थानच्या तिजोरीवर टाकायचा, असा बेत दिसत होता. त्यावर शहरात सभा झाल्या, लोकांनी हिशेब मागितला. पुढारी होते सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम. मे १८८३ मध्ये अघोरनाथांना हद्दपार केले. हैदराबादेतल्या सार्वजनिक राजकारणाचा हा अगदी पहिला अध्याय. आणि पहिल्याच अध्यायात चांद्याचे नाव आहे, हे मला फार बोलके वाटते. ती रेल्वे काही लगेच झाली नाही. गाडी आधी वरंगळ, डोर्नकल करीत १८८९ मध्ये बेझवाड्याला गेली, आणि काझीपेट ते बल्लारशा हा दुवा जुळायला १९२०च्या दशकाची अखेर उजाडली.

पुढे १८८६ साली संस्थानातल्या खनिजांचा मक्ता लंडनच्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीला मिळाला. या व्यवहाराचा मध्यस्थ होता निजामाचाच एक बडा अधिकारी, अब्दुल हक. बहुतेक शेअर मक्तेदारांनी पैसे न भरताच आपल्या नावावर करून घेतले आणि काही चढ्या भावाने निजाम सरकारच्याच गळ्यात मारले. प्रकरण इतके गाजले की १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने चौकशी समिती नेमली. अब्दुल हकाची नोकरी गेली, पण खाण कंपनीकडेच राहिली. १८८९ पासून कोळसा निघू लागला. सिंगरेणी कॉलियरीज कंपनी या नावाची नोंद १९२० ची, आणि संस्थानने तिचे बहुसंख्य शेअर घेतले ते १९४५ मध्ये. आज तिची मालकी तेलंगण सरकार ५१ टक्के आणि केंद्र ४९ टक्के अशी आहे. साठ वर्षे कोळसा आपल्या जमिनीतला आणि नफ्याची वही लंडनला, असा तो कारभार होता.

आता माणसांकडे येतो. खाणीच्या जुन्या फोटोंत, भारतातल्या कुठल्याही कोळसापट्ट्यातले घ्या, आज पाहणाऱ्याला चटकन दिसतात त्या बायका. डोक्यावर टोपली, काखेत किंवा शेजारी मूल. नवऱ्याने कोळसा फोडायचा आणि बायकोने तो डब्यापर्यंत वाहायचा, अशी कुटुंबाची जोडीच कामाला असे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९ च्या नियमांनी बायकांना जमिनीखालून हळूहळू काढायला सुरुवात झाली आणि १९३७ मध्ये पूर्ण बंदी आली. मग महायुद्ध आले. सैन्याच्या कामावर मजुरी बरी मिळे, म्हणून खाणींतले मजूर निघून गेले आणि कोळसा कमी पडू लागला. १९४३ मध्ये सरकारने बंदी उठवली. बंगाल-बिहारबरोबर आपल्या मध्य प्रांतातही.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. हा भाग आपल्याकडे फार कमी सांगितला जातो, बहुधा तो गैरसोयीचा आहे म्हणून. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादला गेले, सुमारे ४०० फूट खाली उतरले, आणि तिथे काम करणाऱ्या बाया-पुरुषांना पाहून आले. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात रेणुका राय यांनी बंदी उठवण्याविरुद्ध तहकुबी मांडली, तेव्हा सरकारची बाजू बाबासाहेबांनाच मांडावी लागली. ही निकडीपुरती सोय आहे असे त्यांनी सांगितले, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी हे तत्त्व धरून ठेवले. कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम १९४४ च्या जानेवारीतच निघाला होता. बंदी १ फेब्रुवारी १९४६ ला परत लागू झाली. आपल्यातले काही म्हणतील, बाबासाहेबांनी असे करायला नको होते. काही म्हणतील, दुसरा इलाज नव्हता. माझे मत असे की खाणीत स्वतः उतरून मग बोलणारा मंत्री तेव्हाही दुर्मिळ होता. पुढे १९५२ च्या कायद्याने बंदी कायम केली, आणि २०१९ मध्ये तांत्रिक व देखरेखीच्या कामांसाठी दिवसाच्या वेळेपुरती ती सैल झाली. आता खाली उतरणारी बाई हेल्मेट घालून, पदवी घेऊन उतरते. टोपलीवालीचा फोटो शेजारी ठेवला तर दोघींत फक्त अंधार सारखा.

आता जरा घरचे बोलतो. माझे वडील बेल्लमपल्लीला सर्व्हे ऑफिसात कारकून होते, ही गोष्ट १९५०च्या दशकातली. आमच्या ट्रंकेत एक ग्रुप फोटो निघाला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कोपरे वाळवीने खाल्लेले. एकतीस माणसे आहेत. खुर्च्यांवर साहेब लोक, मागे बाबू लोक, त्यांच्या मागे पगडीवाले, आणि पुढे जमिनीवर बसलेले चौघे, हातात सेफ्टी लॅम्प. मागच्या बाजूला वडिलांच्या सुरेख अक्षरात नावे आहेत. मी मोजली. अकरा. खुर्चीवरचे सगळे, आणि बाबूंपैकी तीन मराठी, एक कानडी. शेवटी लिहिले आहे, 'बाकी मजूर'.

माझे वडील वाईट माणूस नव्हते. पाळीचा भोंगा झाला की ओसरीवर उभे राहून कोण परत आले ते पाहणारे होते. त्या वीस जणांपैकी निम्म्यांना तरी ते नावाने हाक मारत असणार. हाक मारायला नाव होते, लिहायला नव्हते. १८९२ चा अल्बम लंडनला गेला म्हणून आपण हळहळतो, आणि घरच्या ट्रंकेत तोच मथळा आपल्याच अक्षरात!

हे आज मांडायचे कारण असे. मंडळाच्या स्मरणिकेसाठी जुने फोटो मागवले आहेत. काही सभासदांची सूचना आहे की कोळसापट्ट्यातले फोटो छापावेत, म्हणजे आदिलाबादकडे मराठी वस्ती किती जुनी होती याचा पुरावा होईल. सूचना मनापासूनची आहे, पण मला ती अर्धीच पटते. राजुरा तालुका हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो मराठी मुलुखाबरोबर गेला आणि १९५९ पासून चांदा जिल्ह्यात आहे. सास्तीची खाण तिथलीच. तिथली मराठी शेतातली, बाजारातली, घरातली मराठी आहे, तिला फोटोचा दाखला लागत नाही. पण येल्लंदू, कोत्तगुडेम, बेल्लमपल्लीला आपण होतो ते मुख्यतः ऑफिसात. खाली उतरणारा माणूस बहुतेक तेलुगू बोलणारा, आणि ज्या जंगलात खाण पडली ते कोया-गोंडांचे. बाबूंच्या रांगेचा फोटो छापून 'हे आमचे गाव' म्हणणे मला प्रामाणिक वाटत नाही. 'इथे आमची माणसे नोकरीला होती, आणि हे त्यांचे सोबती', असे म्हणता येईल. पण मग सोबत्यांची नावे हवीत.

म्हणून माझी सूचना. स्मरणिकेत एकही फोटो 'व इतर' असा मथळा देऊन छापू नये. ज्याच्याकडे फोटो असेल त्याने घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापुढे तो ठेवावा, उजेडात, भिंग देऊन. मराठीत उत्तर मिळाले नाही तर शेजारच्या तेलुगू घरात न्यावा. भूमिगत खाणी एकेक बंद होत चालल्या, उत्पादन आता बहुतांश उघड्या खाणींतून निघते, जुन्या वसाहतींची क्वार्टर्स पाडली जात आहेत. तिथे राहिलेली पिढी ऐंशीच्या पुढे गेली आहे. फोटोचा पुठ्ठा अजून पन्नास वर्षे टिकेल, सांगणारा माणूस टिकणार नाही. आणि मागे लिहायचे ते पेन्सिलने. शाईचे पेन वापरू नका, शाई पुढे उमटते.

मी स्वतः सुरुवात केली आहे. गेल्या महिन्यात आमच्या आत्याकडे तो फोटो घेऊन गेलो. वय नव्वद, ऐकायला कमी येते, पण नजर अजून चांगली. तिने खुर्चीवरच्या साहेबांकडे पाहिलेसुद्धा नाही. पुढे बसलेल्या चौघांतल्या तिसऱ्यावर बोट ठेवले. "हा पंपावर असायचा रे. आम्हा पोरींना चिंचा आणून द्यायचा. दादांची सायकल हाच दुरुस्त करायचा." आणि नाव सांगितले, बापाच्या नावासकट.

मी ते तिथेच बसून मागे लिहिले. एकतीसपैकी बारा झाली.