ट्रक घेताना क्राऊनचा आकडा विचारा

माल पिकवणे हे अर्धे काम आणि तो गिऱ्हाइकाच्या दारात पोचवणे हे उरलेले अर्धे. आडत्याच्या पट्टीत हमाली, तोलाई आणि मोटारभाडे वजा जाऊन हाती काय उरते, ते आपल्याला चांगले ठाऊक आहे. २०१६ साली राज्य सरकारने बाजार आवाराबाहेरच्या फळे-भाजीपाल्याच्या विक्रीवरचे बाजार समितीचे नियमन उठवले. शहरात थेट माल विकायला वाट मोकळी झाली. पण असा माल नेला की ट्रकचे डिझेल आपल्या डोक्यावर येते. म्हणून गटाने मिळून ट्रक घेताना, किंवा वर्षाच्या बोलीवर ठरवताना, काय पाहावे याचा आज विचार करू.

उदाहरणाला मीरा-भाईंदरमधले सिल्व्हर पार्क घ्या. काशीमिऱ्याला अहमदाबाद महामार्ग सोडून मीरा-भाईंदर रस्त्याला लागले की हा भाग येतो. दाट वस्ती आहे, भाजीला गिऱ्हाईक आहे. इथे माल दोन वाटांनी आणता येतो. डहाणू-घोलवडचा चिकू येतो तो बहुतेक सपाट महामार्गाने. निफाड-दिंडोरीचा टोमॅटो आणि कांदा येतो तो कसारा घाट उतरून, भिवंडी-ठाण्यावरून घोडबंदर रस्त्याने आणि शेवटी गायमुखचा चढ चढून. मुक्काम एकच, पण वाटा वेगळ्या. तेव्हा दोन्ही वाटांना एकच ट्रक सारखाच परवडेल असे नाही.

ट्रक घेताना आपण इंजिनाची ताकद विचारतो, टायर पाहतो, किंमत पाडून मागतो. मागच्या हाऊसिंगमध्ये क्राऊन कोणता आहे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. आणि डिझेलचा बराच हिशोब तिथेच आहे.

क्राऊनचा आकडा म्हणजे काय? क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ७ दात असले तर आकडा झाला ५.८६. म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यासाठी प्रोपेलर शाफ्टला जवळजवळ सहा फेरे घ्यावे लागतात. ४१ ला ६ असेल तर ६.८३, आणि ३९ ला ८ असेल तर ४.८८. मोठ्या आकड्याचा क्राऊन ओढीचा, लहान आकड्याचा क्राऊन पळीचा, असे लक्षात ठेवा.

आता हिशोब करू. समजा ट्रकचे चाक एका फेऱ्यात ३.२ मीटर जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने मिनिटाला १,००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ३१२ फेरे. वरचा गिअर सरळ, म्हणजे एकास एक असेल, तर ६.८३ च्या क्राऊनवर इंजिन मिनिटाला सुमारे २,१३० फेरे घेईल. ५.८६ वर १,८३० आणि ४.८८ वर १,५२०. वेग तोच, माल तोच, पण पहिल्या आणि शेवटच्या क्राऊनमध्ये मिनिटाला सहाशे फेऱ्यांचा फरक! प्रत्येक फेऱ्याला पिस्टन-रिंगा घासतात, तेलाचा पंप आणि पाण्याचा पंप फिरतो. या घासाघाशीला जे डिझेल लागते ते मालासाठी नव्हे, ते फुकट जाते. रिकामी ट्रॉली नेताना तुम्ही ट्रॅक्टर वरच्या गिअरात टाकून रेस कमी ठेवता ना? तेच हे तत्त्व.

मग सगळ्यांनी पळीचाच क्राऊन घ्यावा का, असे तुम्ही विचाराल. नाही, तसे नाही. माल कोणत्या दिशेने जातो ते आधी पाहा. नाशिककडचा भाजीचा ट्रक कसारा घाट भरलेला उतरतो आणि रिकामा चढतो. त्याला ओढीच्या क्राऊनची गरज कमी. उलट खत किंवा सिमेंट भरून घाट चढायचा असेल तर पळीच्या क्राऊनवर सारखा खालचा गिअर लावावा लागेल. मग बचत कसली? डहाणूच्या सपाट वाटेला तर पळीचाच क्राऊन बरा.

राहिला गायमुखचा भरलेला चढ आणि घोडबंदरची गर्दी. तिथे जोर हवा, पण तो गिअरबॉक्सकडून घ्यावा. पाच गिअरांऐवजी सहा किंवा त्याहून जास्त गिअरांचा बॉक्स घेतला तर पहिला गिअर चढाला भक्कम मिळतो आणि वरचा गिअर महामार्गाला हलका मिळतो. काही बॉक्सना ओव्हरड्राइव्ह असतो. त्यात इंजिनापेक्षा प्रोपेलर शाफ्ट जास्त फिरतो, आणि ओढीचा क्राऊन असला तरी सपाटीला इंजिनाचे फेरे कमी होतात.

तिसरी गोष्ट ॲक्सलची. दहा चाकी ट्रकमध्ये मागच्या दोन्ही ॲक्सलना ओढ असेल तर तो खाणीत, चिखलात कामाचा. डांबरी रस्त्यावर दुसऱ्या हाऊसिंगचे वजन आणि घर्षण उगीच वाहायचे. भाजीला एकाच ॲक्सलची ओढ पुरे. दुसरा ॲक्सल रिकाम्या परतीला उचलता येणारा, म्हणजे लिफ्ट ॲक्सल असेल तर टायरही वाचतात. मात्र गाडी भरली की तो खाली हवाच. २०१८ साली सहा चाकी ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ वरून १८.५ टन झाली, पण तुमच्या गाडीला तुमच्या आरसी बुकातले वजन लागू.

आता चालवण्याचे पाहू. फेरे दाखवणाऱ्या काट्यावर हिरवा पट्टा असतो, काटा त्यात ठेवावा. त्याखाली गेला आणि इंजिन गुदमरू लागले तर गिअर उतरवावा. पळीचा क्राऊन मिळाला म्हणून गाडी ऐंशीने पळवली तर वाचलेले डिझेल वारा कापण्यातच जाईल.

आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका, बरं का! गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाला डिझेल जाणे जवळजवळ थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. दोन रुपयांच्या खोट्या बचतीपायी माणूस जातो. पळीच्या क्राऊनच्या गाडीला तर उतारावर आणखी एक गिअर खालचा लावावा.

फायदा किती? जाऊन-येऊन ३४० किलोमीटरची खेप धरा. गाडी लिटरला ५ किलोमीटर देत असेल तर ६८ लिटर लागतात. तीच ५.५ देऊ लागली तर ६२ लिटर पुरतात. खेपेला ६ लिटर, वर्षाच्या शंभर खेपांना ६०० लिटर. आजच्या भावाने गुणून पाहा.

तेव्हा विक्रेत्याकडून चार गोष्टी कागदावर घ्या: क्राऊनचा आकडा, वरच्या गिअरचा आकडा, ताशी ६० ला इंजिनाचे फेरे आणि भरलेली गाडी किती चढ चढेल. जुन्या गाडीचा क्राऊन मात्र कोणाच्या सांगण्यावरून बदलू नका. कंपनीने त्या मॉडेलला दिला असेल तोच बसवा, नाहीतर वेगाचा काटा चुकेल. आणि प्रत्येक खेपेला टाकी पूर्ण भरून किलोमीटर वहीत मांडा. महिन्याभराची वही पाहिली की आपली गाडी आपल्या वाटेला परवडते की नाही, ते कळेल.