बुरशी, प्रोस्टेटचा कर्करोग आणि आपली जबाबदारी

(वार्षिक सभेत केलेले भाषण)



बाह्यरुग्ण विभागात हल्ली आम्हांला एक प्रश्न विचारला जातो : "प्रोस्टेटचा कर्करोग बुरशीमुळे होतो असे वाचले, मग बायोप्सीऐवजी बुरशीचे औषधच का देत नाही?" विचारणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. वडिलांच्या काळजीने व्याकूळ झालेली मुले सोपा मार्ग शोधणारच. परंतु त्या शोधात वेळ गेला तर हानी वडिलांचीच होते. म्हणून हे उत्तर सर्वांसमोर मांडत आहोत.

मूळ वार्ता निराधार नाही. आपल्या त्वचेवर, तोंडात व आतड्यांत जीवाणूंप्रमाणेच कँडिडा, मलासेझिया यांसारख्या बुरशीही वास्तव्य करतात. २०२२ साली इस्रायलमधील वाइझमन संस्था आणि सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या संशोधकांनी ३५ प्रकारच्या कर्करोगांसंबंधीचे १७,४०१ नमुने तपासले. अनेक अर्बुदांत त्यांना बुरशीच्या डीएनएचे अत्यल्प अंश आढळले. मात्र बुरशीनेच कर्करोग होतो, असे त्यातून सिद्ध झाले नाही. भिंतीला ओल आली की बुरशी धरते. म्हणून बुरशीने ओल आणली असे आपण म्हणत नाही.

असे सूक्ष्म अंश मोजताना चूकही सहज होते. प्रोस्टेटसह काही कर्करोग रक्तातील सूक्ष्मजीवांच्या डीएनएवरून ओळखता येतील, असे सांगणारा २०२० मधील एक गाजलेला शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. मानवी डीएनएचेच तुकडे त्यात सूक्ष्मजीवांचे म्हणून गणले गेले होते.

बुरशीवरील एक औषध प्रोस्टेटच्या कर्करोगात पूर्वी खरोखरच दिले जाई, हेही सांगितले पाहिजे. केटोकोनॅझोल हे ते औषध. परंतु त्याचा उपयोग बुरशी मारण्यासाठी नव्हता. मोठ्या मात्रेत ते पुरुषसंप्रेरकाची निर्मिती रोखते आणि हा कर्करोग बहुधा त्याच संप्रेरकावर पोसतो. या औषधाने यकृताला गंभीर इजा होऊ शकते. २०११ पासून त्याच मार्गावर अधिक नेमके काम करणारे ॲबिराटेरोन उपलब्ध झाले. तेव्हा स्वतःच्या मनाने बुरशीच्या गोळ्या घेणे म्हणजे लाभाची खात्री नसताना यकृत पणास लावणे होय.

मग करावे काय? आरंभी या रोगाची लक्षणे बहुधा नसतात. वारंवार लघवीला जावे लागणे, धार मंद होणे हे पुष्कळदा ग्रंथीच्या साध्या वाढीमुळे घडते. तरीही ते संकोचाने लपवू नये. वडिलांना वा भावाला हा रोग झाला असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. पीएसए वाढले म्हणजे कर्करोगच असे नाही आणि निश्चित निदानासाठी सामान्यतः बायोप्सी लागते. निदान झाल्यावरही काही रुग्णांना तातडीच्या उपचाराऐवजी केवळ नियमित देखरेख पुरते.

बुरशीवरील संशोधन चालू राहावे, अशीच आमची इच्छा आहे. ते पूर्णत्वास जाईपर्यंत रुग्णाला वेळेवर तपासणी मिळावी आणि पैशाअभावी ती टळू नये, एवढे तर आपल्या हाती आहे. देणगीदारहो, आपल्या साहाय्याचे मोल आम्ही यातच पाहतो. आप्तेष्टहो, घरातील वडीलधाऱ्यांशी आजच या विषयावर बोला, ही नम्र विनंती.