कारणाशिवाय चालणं
(स्त्रियांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

बायकांना चालायची सवय नाही, असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. पाण्यासाठी, सरपणासाठी, बाजारासाठी आपण चालतच असतो. पंढरीच्या वारीलाही हजारो बायका चालतात. पण या प्रत्येक चालण्याला घराला पटेल असं कारण असतं. गेल्या पावसाळ्यात आम्ही नऊ जणी खांडसहून भीमाशंकरला चढून गेलो, तेव्हा असं कारण एकीपाशीही नव्हतं. एकीच्या सासूबाईंनी विचारलं, "देवदर्शनाला ना?" हो म्हटलं असतं तर विषय मिटला असता. ती म्हणाली, "नाही, जंगल बघायला." माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यांत अवघड चढण तीच.

खांडस कर्जत तालुक्यात. तिथून वर जायला दोन वाटा आहेत. शिडी घाटाची वाट जवळची, पण लोखंडी शिड्यांची आणि पावसात फार निसरडी. आम्ही लांबची, गणेश घाटाची वाट धरली. प्रत्येकीच्या पाठीवर सॅक. त्यात कोरडे कपडे, भाकरी-चटणी, पाणी, टॉर्च आणि पाळीसाठी लागणाऱ्या घड्या. हे शेवटचं मुद्दाम मोठ्याने सांगते. "त्या दिवसांत कसं जमेल?" म्हणून कितीतरी जणी घरी थांबतात. जमतं. दोघींनी जमवलं.

कड्यांवरून धबधबे कोसळत होते. एका ओढ्याला पाणी चढलेलं दिसलं. आमचा नियम साधा होता: पाणी गढूळ आणि गुडघ्याच्या वर असेल तर थांबायचं. तासभर भिजत थांबलो. "चला हो, काही होत नाही" म्हणत पुढे घुसणारं कुणी नव्हतं, आणि थांबण्यात कुणाला कमीपणाही वाटला नाही.

वर पदरवाडीजवळ डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई भेटली. आमच्या सॅककडे बघून म्हणाली, "हौसेनं वझं घेऊन कशाला चढता, बायांनो?" आम्ही सगळ्याच हसलो, पण प्रश्न खरा होता. आमची हौस ज्या वाटेवर, त्याच वाटेवर तिचं रोजचं काम. बोलता बोलता वनहक्काचा विषय निघाला. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांच्या बाबतीत जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. "कागद पेटीत आहे, माझं नाव हाय का नाय बघितलं नाय," ती म्हणाली. बघून घ्या, असं सांगून आम्ही निघालो. तुमच्यापैकी ज्या आदिवासी भागात काम करतात, त्यांनी हा एक प्रश्न घरोघर विचारावा.

त्यानंतरचं जंगल दाट आहे. 1985 पासून ते अभयारण्य आहे. शेकरूंची घरटी दिसली, शेकरू मात्र दिसलं नाही. वाटेत भेटलेल्या तरुणांच्या टोळक्याने विचारलं, "बरोबर कुणी नाही?" नऊ जणी समोर उभ्या होत्या! दिवसभरात जनावराची भीती कुणाला वाटली नाही. जी वाटली, ती असल्या प्रश्नांची. म्हणूनच नऊ जणी हव्या होत्या.

माथ्यावर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. इथे भीमा उगम पावते आणि पुढे पंढरपुरात चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. ज्या नदीपर्यंत देवाच्या नावाने चालायची मुभा आहे, तिच्या उगमापर्यंत आम्ही स्वतःच्या नावाने चाललो.

अमेरिकेत एमा गेटवूड नावाची बाई होती. अकरा मुलांची आई. नवऱ्याची मारहाण वर्षानुवर्षं सोसून तिने शेवटी घटस्फोट घेतला. 1955 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून ती अपालाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांबची डोंगरवाट एकटी चालली. मुलांना नुसतं फिरायला जाते म्हणाली होती.

आपण एका दिवसापासून सुरुवात करू. पुढच्या पावसाळ्यासाठी आजच नावं द्या. कारण लिहायचा रकाना त्या कागदावर ठेवलेला नाही.