कमी पल्ल्याच्या बिनतारी लहरी : सामर्थ्य आणि मर्यादा

(संस्थेच्या विज्ञान सप्ताहात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



बी. ए., बी. एड. झालेल्या शिक्षकाने बिनतारी संदेशवहनावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जी वस्तू घराघरात शिरली, ती एकट्या विज्ञान-शिक्षकाची राहत नाही. पालक शाळेत येतात तेव्हा विचारतात, "सर, हे ब्लूटूथ चांगले की वाईट?" त्यावर माझे उत्तर असे की, चांगले-वाईट ठरविण्यापूर्वी त्याचा पल्ला किती आणि आपले काम किती अंतराचे, हे आधी पाहावे.

लांबवर पोहोचते ते मोठे आणि जवळच थांबते ते क्षुद्र, अशी आपली एक समजूत आहे. बिनतारी लहरींच्या बाबतीत ती खरी नाही. पल्ला कमी असणे हा पुष्कळदा दोष नसून गुणच असतो. मात्र त्याच पल्ल्याला कुंपणेही असतात आणि ती माहीत नसली की फसगत होते. आज या दोन्ही बाजू आपणांपुढे मांडावयाच्या आहेत.

प्रथम लहरींविषयी थोडेसे. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले. ते १२५१ किलोहर्ट्झवर लागत असे, म्हणजे त्याच्या एका लहरीची लांबी सुमारे २४० मीटर. एवढी लांबलचक लहर जमिनीच्या कडेकडेने चालते आणि लहानसहान टेकड्यांना वळसा घालून जाते. म्हणूनच सातारा-कोल्हापूर जिल्ह्यांतच नव्हे, तर कर्नाटकाच्या सीमाभागातही सांगलीचा आवाज घरोघरी पोहोचला. आता एफ.एम. रेडिओ घ्या. ९०.४ मेगाहर्ट्झची लहर सव्वातीन मीटरच्या आसपास भरते. ती जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि डोंगर आडवा आला की पलीकडे क्षीण होते. ब्लूटूथची लहर तर अवघी साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे आपल्या कंपासपेटीतील पट्टीपेक्षाही लहान! घराची जाड भिंतच काय, माणसाचे शरीरही तिला अडविते. कारण शरीरात पाणी पुष्कळ आणि पाणी ही लहर शोषून घेते.

दुसरा नियम कंदिलाचा. कंदिलापासून दुप्पट लांब गेलो की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. मोकळ्या जागेत लहरींचेही तसेच. म्हणून पल्ला वाढवावयाचा तर शक्ती कितीतरी पटींनी वाढवावी लागते. उलट, पल्ला थोडा ठेवला तर अगदी थोड्या शक्तीवर काम भागते. कमी पल्ल्याचा हा पहिला गुण होय. १९९४ साली स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत ब्लूटूथचे काम सुरू झाले, ते असेच थोड्या शक्तीवर दोन उपकरणांमधील तार काढून टाकण्यासाठी. त्याला नाव मिळाले दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ या राजाचे. या राजाने विखुरलेली माणसे जोडली. हे तंत्र विखुरलेली यंत्रे जोडते. कानात घालावयाच्या इवल्याशा यंत्राची बॅटरी तासन् तास टिकते, याचे एक मोठे कारण म्हणजे त्याला आपला आवाज आठ-दहा मीटरच न्यावयाचा असतो.

याहून नवलाची गोष्ट आपल्या पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. साताऱ्याजवळचा आनेवाडी नाका आणि कराडजवळचा तासवडे नाका आपल्या ओळखीचे आहेत. फेब्रुवारी २०२१ पासून टोलसाठी फास्टॅग सक्तीचा झाला. गाडीच्या काचेवर चिकटविलेल्या त्या पट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरचे यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडते. त्या लहरींतूनच पट्टीला शक्ती मिळते आणि त्याच शक्तीवर ती आपला क्रमांक परत सांगते. उसन्या शक्तीवर बोलणाऱ्या या पट्टीचा आवाज काही मीटरच जातो. तो तेवढाच जातो म्हणूनच शेजारच्या रांगेतील गाडीची गल्लत सहसा होत नाही.

जून २०२२ मध्ये एक चित्रफीत देशभर फिरली. एक मुलगा गाडीची काच पुसतो आणि मनगटावरच्या घड्याळाने फास्टॅगमधले पैसे पळवितो, असे त्यात दाखविले होते. तो प्रकार खोटा असल्याचा खुलासा संबंधित संस्थांनी केला. पैसे पट्टीत नसतातच. पट्टीत असतो क्रमांक, आणि व्यवहार फक्त नोंदणी झालेल्या नाक्यांशी होतो. ज्याला हे कळले तो घाबरणार नाही आणि ती चित्रफीत पुढेही पाठविणार नाही. अफवेचा पल्ला मात्र कोणत्याही लहरीपेक्षा लांब असतो, हे आपण सर्वजण जाणतोच.

आता दुसरा गुण. लहर जवळच थांबते म्हणून तीच लहर थोड्या अंतरावर दुसऱ्याला वापरता येते. एका घरातील ब्लूटूथ चार घरे सोडून पलीकडच्या ब्लूटूथला त्रास देत नाही. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरावयास मोकळा झाला, तो याच बळावर. एखाद्या गल्लीत प्रत्येकाने आपल्या अंगणापुरतेच बोलावे, म्हणजे सर्वांना बोलता येते. एकानेच भोंगा लावला तर बाकीच्यांनी गप्प बसावे लागते.

या गुणाचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच दोन जिल्ह्यांत आहे, ते म्हणजे सामुदायिक रेडिओ. हवेतील लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. पुढे २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांना लहान रेडिओ केंद्रे काढण्याची वाट मोकळी झाली. अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती साधारणतः १०० वॅट, मनोरा फार तर ३० मीटर आणि पल्ला जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातील म्हसवड येथे २००८ साली 'माणदेशी तरंग वाहिनी' ९०.४ मेगाहर्ट्झवर सुरू झाली. १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने ज्या महिलांची सहकारी बँक उभी राहिली, त्याच माणदेशी परिवाराचे हे केंद्र. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातील जालिहाळ येथे येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीची 'येरळावाणी' आहे.

हे दोन्ही दुष्काळी मुलूख. मुंबईच्या केंद्राने माणदेशाचे दोन शब्द काढावेत तर तेथे वीस जिल्हे रांगेत उभे असतात. परंतु ज्या केंद्राचा आवाज म्हसवडच्या आसपासच पोहोचतो, त्याला बोलावयाचेच मुळी माणदेशाविषयी. चारा, पाणी, शेळ्यांचे आजार, बाजारचा दिवस, जात्यावरची गाणी हाच त्याचा मुख्य कार्यक्रम. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हावेत, असा शासनाचा नियमच आहे. आणि ९०.४ हीच लहर देशात इतरत्रही अनेक लहान केंद्रे वापरतात. कोणाचे कोणाशी भांडण नाही, कारण कोणाचाच आवाज दुसऱ्याच्या शिवारात जात नाही.

मित्रहो, गुण सांगितले. आता मर्यादांकडे वळू या. त्या झाकून ठेवल्या तर हे व्याख्यान म्हणजे दुकानदाराची जाहिरात होईल.

पहिली मर्यादा भूगोलाची. माण-खटावच्या डोंगररांगांत एफ.एम.ची लहर अडते. एका वाडीत स्वच्छ ऐकू येते आणि डोंगरापलीकडच्या वाडीत खरखर. दुसरी मर्यादा ऐकणाऱ्याच्या हातातील यंत्राची. घरातला रेडिओ संच गेला आणि मोबाईल आला. परंतु अनेक नव्या मोबाईलमध्ये एफ.एम.ची सोय राहिली नाही. म्हणून एप्रिल २०२३ मध्ये केंद्र शासनाला, मोबाईलमध्ये ही सोय ठेवावी, असे उत्पादकांना सांगावे लागले. तिसरी मर्यादा नियमांची. अशा केंद्रांना स्वतः बातम्या गोळा करून देता येत नाहीत.

चौथी मर्यादा अधिक खोल आहे. यंत्राला अंतर कळते, परिस्थिती कळत नाही. २ एप्रिल २०२० रोजी 'आरोग्य सेतु' सुरू झाले. दोन मोबाईल एकमेकांजवळ आले की ब्लूटूथने त्याची नोंद व्हावयाची आणि पुढे एकाला करोना झाल्यास दुसऱ्यास सूचना मिळावयाची, अशी त्याची योजना. कल्पना चांगली होती. पण ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही तो त्या हिशेबात आलाच नाही. शिवाय पातळ भिंतीच्या दोन बाजूंना बसलेली माणसे यंत्राला 'जवळ' वाटू शकतात, आणि समोरासमोर बसलेल्यांपैकी एकाचा फोन मागच्या खिशात असला तर ती 'लांब' वाटू शकतात. त्याआधी काही दिवस, मार्च २०२० च्या अखेरीस, आपल्या सांगली जिल्ह्यात इस्लामपूर शहरात रुग्णांची साखळी सापडली होती. ती कोणत्याही ब्लूटूथने तोडली नाही. घरोघर फिरणाऱ्या आरोग्य सेवकांनी, आशा भगिनींनी, चौकशी करून आणि माणसांना विलग ठेवून ती रोखली. यंत्र मदतनीस होऊ शकते. माणसाची जागा त्याला घेता येत नाही.

पाचवी गोष्ट संकटकाळाची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. वीज गेली, ठिकठिकाणी मोबाईल बंद पडले. मोबाईल हा दिसावयास बिनतारी, पण त्याच्यामागे मनोरा, वीज आणि तारांचे जाळे असते. ते तुटले की हातात उरतो तो केवळ एक दिवा. अशा वेळी ज्यांना मनोऱ्याची गरज नाही अशी उपकरणे उपयोगी पडतात. या पुरात हॅम रेडिओच्या हौशी मंडळींनी संदेशवहनास हातभार लावला. त्यांच्या हातातील संचाचा पल्ला सपाटीवर काही किलोमीटरच असतो, परंतु तो एका माणसाकडून थेट दुसऱ्या माणसाकडे जातो. उंच जागी एक मध्यस्थ केंद्र बसविले तर तोच आवाज दूरच्या गावी पोहोचविता येतो. नावेत बसलेल्या माणसाने काठावरच्या माणसास "आणखी दोन फेऱ्या लागतील" एवढे सांगावयाचे असेल, तर अमेरिकेपर्यंत पोहोचणारे यंत्र काय कामाचे?

या सर्वांतून मला तीन विनंत्या करावयाच्या आहेत.

पहिली विद्यार्थ्यांना. वापरणारे तुम्ही आहातच. आता जाणणारे व्हा. हॅम रेडिओचा परवाना मिळविण्यासाठी शासनाची परीक्षा असते आणि वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्यास ती देता येते. म्हणजे सातवी-आठवीतील मुलगा किंवा मुलगी 'व्ही यू'ने सुरू होणारे स्वतःचे संकेतनाम मिळवू शकते. नदीकाठच्या आपल्या गावांत असे दहा विद्यार्थी तयार झाले, तर पुढच्या पुरात ते केवळ मदत घेणारे राहणार नाहीत.

दुसरी पालकांना. मुलाच्या हातातील यंत्राला भिऊ नका आणि त्याच्यापुढे दिपूनही जाऊ नका. ब्लूटूथचे काम संपले की ते बंद करण्याची सवय लावा. अनोळखी उपकरणाने जोडणी मागितली तर ती नाकारावयास शिकवा. महाग यंत्राचा पल्ला अधिक म्हणून मुलाची समज अधिक होत नाही. ती घरातल्या दोन हातांच्या अंतरावरच वाढते.

तिसरी विनंती, अध्यक्ष महोदयांची परवानगी गृहीत धरून, आपल्या संस्थेला. सामुदायिक रेडिओचा हक्क शिक्षणसंस्थांना २००२ पासून आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख निघून गेल्यावर शाळेत येणारे पालक दरवर्षी आपण पाहतो. सूचना फलकावर लागते. फलक वाचावयास कष्टकरी आई येऊ शकत नाही. तीच सूचना आमच्या घरांत बोलल्या जाणाऱ्या दखनीत आणि शेजारच्या घरांत बोलल्या जाणाऱ्या मराठीत, भाकऱ्या थापताना तिच्या कानांवर पडली तर? आणि एखाद्या दिवशी त्या केंद्रावरून तीच बोलली तर? खर्च आहे, कागदपत्रे आहेत, रोज कार्यक्रम तयार करण्याचे कष्ट आहेत. हे मी जाणतो. परंतु म्हसवड आणि जालिहाळ आपल्यापेक्षा श्रीमंत नव्हते. आज निर्णय नको. निदान एक छोटी समिती नेमून या दोन केंद्रांना भेट द्यावी, एवढेच माझे मागणे आहे.

आपला आवाज साऱ्या जगाला ऐकू जावा, असे प्रत्येकास वाटते. त्यात गैर काही नाही. परंतु पंधरा किलोमीटरच्या आतील माणसांना जो ऐकू जातो आणि त्यांच्या उपयोगी पडतो, तो आवाजही लहान नव्हे.