घरच्या संगणकाचे दान

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित)



कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सहा दिवस त्यांचा घाणा फिरे, सातव्या दिवशी थांबे. आज आपल्या घरी उलट चित्र आहे. संगणक दिवसातून दोन-चार तास काम करतो आणि उरलेला वेळ स्वस्थ असतो. त्या रिकाम्या वेळेचे दान करता येते, हे मी दुबईच्या देरा भागात राहत असताना शिकलो. आणि दान करताना माणूस कोठे चुकतो, हेही तेथेच शिकलो.

मार्च २०२०च्या अखेरीस महामारीमुळे देऱ्यातील अल रास वस्तीत ये-जा बंद झाली. तेथे आम्ही चौघे एक घर वाटून घेऊन राहत होतो. कचेरीचे काम थांबले होते, संगणक माझा स्वतःचा होता. मी ‘फोल्डिंग ॲट होम’ या उपक्रमात सामील झालो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २००० साली सुरू झालेला हा उपक्रम प्रथिनांच्या रेणूंची घडी कशी पडते व कशी उलगडते, याचे गणित करतो. त्या वर्षी त्याने कोरोना विषाणूची प्रथिने अभ्यासाला घेतली.

पद्धत सोपी आहे. अवाढव्य गणिताचे लहान तुकडे पाडून ते घरोघरच्या संगणकांना पाठवतात. संगणक तुकडा सोडवून उत्तर परत धाडतो. काही उपक्रम एकच तुकडा दोन संगणकांना देऊन उत्तरे ताडून पाहतात. दोन साक्षींवाचून निर्णय करू नये, हा तोराचा दंडक येथे सहज आठवतो. त्या वसंतात जगभरच्या घरांनी मिळून सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या आकडेमोडींचा टप्पा ओलांडला.

‘आइन्स्टाइन ॲट होम’ हा २००५ पासूनचा दुसरा उपक्रम गुरुत्वीय लहरींचा शोध घेतो. अशाच लहरी टिपणारी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्याच उपक्रमात २०१० साली अमेरिकेतील एका दांपत्याच्या आणि जर्मनीतील एका गृहस्थाच्या घरगुती संगणकांवर एक नवा स्पंदतारा सापडला.

आता माझी चूक. माझा संगणक सुमारे २०० वॅट वीज घेई. म्हणजे दिवसाला जवळजवळ पाच युनिट, महिन्याला दीडशेच्या आसपास. त्याची उष्णता बाहेर काढण्यास एसीचा भार वेगळा. बिल चौघांत वाटले जाई. एका सोबत्याचा पगार थांबला होता. तो न रागावता म्हणाला, “भाऊ, तुमचे काम चांगलेच आहे, पण आम्हाला एकदा विचारायचे होते.” मी निरुत्तर झालो. माझ्या दानाचे तीन हिस्से ते तिघे नकळत भरत होते. मी हिशेब करून त्यांचे पैसे परत केले आणि पुढे वाढीव युनिटे माझ्या नावे मांडली. दान आपल्याच पदरचे असावे, हे लहानपणी ऐकले होते; ते त्या बिलाने समजावले.

म्हणून तरुणांना माझी विनंती आहे. उपक्रमात अवश्य सामील व्हा. पण घरात बिल भरणाऱ्यांना आधी विचारा. कचेरीचा संगणक मालकाच्या परवानगीवाचून लावू नका. किती तास व किती ताकद द्यायची, ही मर्यादा ठरवता येते, ती ठरवा.

शब्बाथचे काय, असे मला विचारतात. शुक्रवारी लावलेले काम शब्बाथला आपोआप चालू द्यावे का, यावर मिश्नामध्ये हिल्लेल आणि शम्माई यांच्या शिष्यांचा वाद आहे. मात्र तेलाच्या घाण्यावर दिवस मावळण्यापूर्वी दाबाच्या तुळया चढवून ठेवण्यास दोघांचीही संमती आहे. आपल्या पूर्वजांचा घाणा बैल ओढी, आणि बैलालाही विश्रांतीची आज्ञा आहे. संगणक बैल आहे की तुळई, याचा निर्णय जाणकारांनी द्यावा. मी मात्र शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वी तो बंद करतो. सहा दिवस तो इतरांसाठी राबतो. सातव्या दिवशी घर शांत असते, आणि मला शनिवार तेल्यांची आठवण होते.